बोक्यासाठी पाण्याचं कारंजं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात आमचा बोका बंड्या दर दहा मिनिटांनी शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. कुंथायचा, कण्हायचा, आणि लघवीने मातीचा जो गोळा होतो, तो मात्र हरभऱ्याएवढा. आम्हाला वाटलं पोट साफ होत नाही, म्हणून तूप चाटवलं. रात्री उलटी झाली तेव्हा डॉक्टरांकडे पळालो. लघवी पूर्ण तुंबली होती. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बुच अडकलं की एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. नळी घालून तीन दिवस सलाईनवर ठेवलं, तेव्हा वाचला.

पोटात पाणी जास्त जायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून पंपाने पाण्याची धार वाहती ठेवणारं कारंजं आणलं. पहिला आठवडा बंड्याने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुनं भांडं शेजारीच ठेवलं होतं, हे बरं केलं. मग एका रात्री धारेला जीभ लावून चपचप आवाज आला आणि मी अंथरुणात उठून बसले.

आता खरं सांगते. तो जास्त पाणी पितो, पण मोठा फरक पडला तो ओल्या खाण्याने. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, ओल्या खाण्यात 75-80. पाच किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण 250 मिली लागतं. नुसत्या कारंज्याच्या भरवशावर ते भरत नाही.

दर चार दिवसांनी पंप उघडून जुन्या टूथब्रशने घासावा लागतो, नाहीतर आत बुळबुळीत थर साचतो. माझं प्लास्टिकचं आहे, त्याला कोपऱ्यांत हा थर जास्तच धरतो. वीज गेली की धार बंद, म्हणून साधं भांडं आजही भरलेलं असतं.

माती काढताना गोळे मोजायची सवय मात्र आता सुटणार नाही. रोज लिंबाएवढे दोन-तीन हवेत. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, बंड्या कपाटामागे दडून बसला, आणि दुसऱ्या दिवशी गोळे सुपारीएवढे झाले. तासाभरात दवाखाना गाठला. मूत्राशयाला सूज होती, मार्ग मोकळा होता, औषधावर भागलं. ताणानेही हे उलटतं, म्हणून आता पाहुणे आले की त्याचा ट्रे आतल्या खोलीत हलवते.

बोका कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, मांजरांना ती विष आहे.

कारंजं पुन्हा घेईन, पण स्टीलचं, आणि सुटा पंप बाजारात मिळतो का ते आधी विचारून.