24 गिअरची कटकट: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या पाडव्याला घेतली सायकल, आता आठ महिने होऊन गेले, मीटरवर 2100 किलोमीटर झालेत, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढं वाचाल तर कळेलच की निम्मा घोळ माझा आहे.

हायब्रिड आहे, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढं 28-38-48 दात्यांच्या तीन चकत्या आणि मागं आठ चकत्यांची कॅसेट, 11 ते 32 दात्यांची. शाहूपुरीतून पोवई नाक्याला ऑफिस आणि रविवारी यवतेश्वर घाट, जमलंच तर पुढं कासपर्यंत. साताऱ्यातल्या लोकांना सांगायला नको की समर्थ मंदिर सोडलं की रस्ता जो वर उचलतो तो परत खाली बघतच नाही. तिथं गिअर ऐनवेळी पडला नाही तर सरळ पाय टेकायची पाळी येते, आणि मागून बुलेटवाले बघत बघत जातात ते वेगळंच.

पहिले पंधरा दिवस काय सांगू, लोण्यासारखे गिअर पडायचे. ऑनलाइन मागवलेली, खोक्यातून आली, हँडल, पॅडल, पुढचं चाक आणि सीट मी घरीच बसवलं, आणि बायकोला दोनदा बोलावून दाखवलं की बघ एका बोटात गिअर पडतो. मग साधारण 150 किलोमीटरला सुरू झालं. क्लिक केलं की चेन मोठ्या चकतीवर चढायला दोन-तीन फेरे घ्यायची, मधल्या चकत्यांवर सतत कटकट कटकट, आणि कधी कधी चढावर जोर लावला की आपोआप गिअर बदलायचा.

आता मला माहितीये की हे नव्या सायकलीला होतंच. लोक म्हणतात गिअरची वायर ताणली, पण वायर फारशी ताणत नाही, आऊटरची, म्हणजे वायरवरच्या काळ्या नळीची, टोकं आपापल्या जागी दबून बसतात आणि तेवढी वायर सैल पडते. 8 स्पीडमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंत 4.8 मिलिमीटर अंतर असतं, शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअरच्या खटक्याच्या, एका क्लिकला डिरेलरनं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रानं, बरोब्बर तेवढंच सरकायचं असतं, त्यामुळं वायर जराशी सैल झाली तरी चेन धड इकडं नाही धड तिकडं. यावर इलाज पाच पैशाचा. डिरेलरमध्ये वायर जिथं शिरते तिथं बोटांनी फिरणारा एक छोटा नट असतो, बॅरल ॲडजस्टर. सायकलच्या मागं उभं राहून तो घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवायचा, पॅडल फिरवून बघायचं, नाही जमलं तर अजून पाव. चेन वर चढायला कुरकुर करत असेल तर उलट फिरवा म्हणजे वायर ताणेल, आणि खाली छोट्या चकतीवर उतरायला आळस करत असेल तर सुलट. एवढंच.

मी काय केलं? मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. डिरेलरवर एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू दिसले, मला वाटलं हेच गिअरचे स्क्रू, फिरवले दोन्ही. त्या स्क्रूंचा रोजच्या कटकटीशी काडीचा संबंध नाही, त्यांचं काम फक्त हद्द आखायचं. एच म्हणजे सगळ्यात छोट्या चकतीच्या बाहेर चेन जाऊ द्यायची नाही आणि एल म्हणजे सगळ्यात मोठीच्या आत, चाकाच्या तारांमध्ये, जाऊ द्यायची नाही. मी एल सैल करून ठेवला होता. त्यात भर म्हणजे कॅसेटच्या मागची ती प्लास्टिकची चकती मी आधीच काढून टाकली होती, पोरांच्या सायकलीसारखी दिसते म्हणून. पुढच्या रविवारी घाटात पहिला गिअर टाकला, खर्रर्र असा आवाज आला आणि मागचं चाक जागेवर जाम. चेन मोठ्या चकतीवरून पलीकडं पडून तारांमध्ये अडकलेली. अर्धा तास लागला काढायला, हात कोपरापर्यंत काळे, दोन तारांना खाचा पडल्या त्या आजही आहेत. मी चढावर हळू होतो म्हणून वाचलो. ती प्लास्टिकची चकती परत बसवली, दिसू दे पोराटोरांसारखी.

मग गावातल्या एका दुकानात नेली. तो म्हणाला गिअरच्या सायकलीचं असंच असतं साहेब, वायर बदलून टाकू. टाकली. दोन दिवस बरी चालली आणि मग पूर्वीपेक्षा वाईट, आता तर सकाळी एक वागणं आणि संध्याकाळी दुसरं. हे नंतर कळलं की त्यानं गिअरला ब्रेकचा आऊटर लावला होता. बाहेरून दोन्ही काळ्या नळ्याच, पण ब्रेकचा जाड असतो, 5 मिलिमीटर, आत तार गुंडाळलेली स्प्रिंगसारखी, ती दाबली की दबते. गिअरचा साधारण 4 मिलिमीटर आणि आत तारा लांबीला सरळ असतात, त्या दबत नाहीत. ब्रेकला थोडं दबलं तर चालून जातं, गिअरला तेच थोडं म्हणजे अर्धी चकती. बिचाऱ्यानं जे दुकानात होतं ते लावलं, पण दीड महिना मी त्या आऊटरवर बॅरल फिरवत बसलो होतो!

तोवर पाऊस लागला. पावसाळ्यात काय झालं ते वेगळं लिहायला हवं पण थोडक्यात, कासच्या रस्त्याची तांबडी माती चेनला बसली की ती घासून चेन खाते, आणि कुणाच्यातरी सल्ल्यावरून मी चेनला ग्रीस फासलं होतं तर त्यानं सगळी माती गोळा करून ठेवली. ग्रीस नका लावू कुणी. चेनचं तेल, एकेका कडीवर एक थेंब, आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून टाकायचं, तेल आत पाहिजे, बाहेर नको.

आऊटर बदलून घेतला, तोही मुद्दाम पुण्याहून आणून. फरक पडला पण एक खोड राहिलीच. मोठ्या चकत्यांना बॅरल जुळवला की छोट्या तीन कटकट करायच्या, छोट्यांना जुळवला की मोठ्यांवर चेन चढायची नाही. स्टँडवर हातानं फिरवली तर बरी वाटायची आणि रस्त्यावर वजन पडलं की परत तेच. सर्व्हिसला दिली तर त्यांनीही स्टँडवरच फिरवून दाखवली, म्हणाले बघा ओके आहे.

शेवटी ग्रुपमधल्या एकानं एका म्हाताऱ्या मेकॅनिककडं पाठवलं. काकांनी सायकल उलटीसुद्धा केली नाही, मागून एक डोळा मिटून बघितलं आणि विचारलं, "पडलीय का उजव्या अंगाला?"

म्हटलं, "नाही काका, एकदाही नाही."

"मग खोक्यात पडली असंल."

डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. मऊ ॲल्युमिनियमचा असतो, मुद्दामच, म्हणजे आपटलं तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. काकांनी डिरेलर सोडवला, दुसऱ्या एका गिअरच्या सायकलीचं मागचं चाक आणलं आणि त्याचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, सरळ हँगरच्या भोकात आटवला, दोन्हीचे आटे 10 मिलिमीटरचे, बसतात! आता माझं चाक आणि ते चाक शेजारी शेजारी, दोन्ही समांतर पाहिजेत. पट्टी लावली तर वर आणि खाली मिळून पावणेदोन सेंटिमीटरचा फरक. हँगर आतल्या बाजूला वाकलेला, म्हणजे डिरेलर पहिल्या दिवसापासून तिरका लटकत होता. मग ते दुसरं चाकच धरून हळूहळू बाहेर ओढलं, मोजलं, परत ओढलं. दहा मिनिटं. मग एच, एल, मग बॅरल, या क्रमानं, आणि सांगत होते की आधी हँगर, मग हद्द, मग वायर, उलटं केलं की दिवस जातो. माझे साडेपाच महिने गेले होते. जाता जाता हेही सांगितलं की पूर्वी क्लिकवाले शिफ्टर नव्हतेच, लिव्हर हातानं अंदाजानं ढकलायचा आणि कानानं ऐकायचं चेन बसली का. क्लिकची भानगड शिमानोनं 1984 ला रेसिंगच्या सायकलींत आणली आणि तिथून खाली आपल्यापर्यंत आली. काकांच्या मते तेव्हापासून लोकांचे कान गेले. मला ते पटलं नाही, पण पैसे द्यायचे होते म्हणून मान हलवली. घेतले किती, तर शंभर.

एकदा वाकवून सरळ केलेला हँगर परत परत वाकवायचा नाही, तुटतो. म्हणून नवा मागवला, आणि ही खरी डोकेदुखी, कारण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. जुना काढून फोटो पाठवला, मग तीन आठवड्यांनी आला. दोन मागवले, एक बसवला, एक सीटखालच्या पिशवीत असतो.

बाकी सायकल? टायर चांगले, ब्रेक ठीक, सीट दगड आहे, बदलली. पुढच्या तीन चकत्यांपैकी 48 मी महामार्ग सोडला तर वापरतच नाही. पुढची मोठी-मागची मोठी किंवा पुढची छोटी-मागची छोटी जोडी लावली तर चेन तिरकी ओढली जाते आणि पुढच्या डिरेलरला घासते, तो बिघाड नाही, तसे गिअर वापरायचेच नसतात, त्यामुळं चोवीस म्हणून विकतात पण कामाचे पंधरा-सोळाच. आणि गिअर चढ लागायच्या आधी टाका. उभं राहून पूर्ण जोर लावत क्लिक केलं तर कुठलीही सायकल ओरडेल, त्या क्षणी पाय जरा हलका सोडायचा.

गेल्या रविवारी कासपर्यंत गेलो, फुलं कधीच संपलीत, नुसतं वाळलेलं गवत आणि वारा, गर्दी नाही. पूर्ण घाटात एकदाही चेन घसरली नाही. परत येताना मात्र मागून बारीक टकटक यायला लागली, उतरून सगळं बघितलं, हँगर, तारा, कॅसेट. मडगार्डचा स्क्रू सैल निघाला.