एआयओफाइल्स: असिंक पायथन सर्व्हरला फाइलींपाशी अडू न देणारी लायब्ररी

पायथनमध्ये असिंक सर्व्हर, म्हणजे एकाचं काम थांबलेलं असताना दुसऱ्याचं पुढे नेणारा सर्व्हर, चालवत असाल आणि त्याच सर्व्हरला डिस्कवरच्या फाइलीही वाचाव्या लागत असतील, तर एआयओफाइल्स (aiofiles) जरूर बसवा. फुकट आहे, अपाचे 2.0 परवान्याची आहे, संपूर्ण पायथनमध्ये लिहिलेली आहे आणि सोबत दुसरी एकही लायब्ररी ओढून आणत नाही. पण ती बसवली की फाइली भराभर वाचल्या जातील, अशी आशा असेल तर ती आधीच सोडा. एकट्या फाइलीचं वाचन पायथनच्या साध्या ओपनपेक्षा किंचित हळूच होतं. एकासाठी फाइल वाचली जात असताना बाकीच्यांनी ताटकळू नये, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते.

मी एका सार्वजनिक वाचनालयाचा स्कॅन-संग्रह सांभाळते. जुनी मासिकं, दिवाळी अंक, थोडी हस्तलिखितं. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवतो. ए-फोर आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला, कॉम्प्रेशन न करता, साधारण 26 एमबी भरतं. प्रत्येक पानाशेजारी ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातून ओळखून काढलेल्या, मजकुराची छोटी फाइल असते. हा सगळा साठा वेगळ्या मशीनवर आहे आणि सर्व्हरला एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेला आहे. वर फास्टएपीआय ही पायथनची वेब चौकट चालते. एक अभ्यासक मूळ टिफ उतरवून घेत असतो, दुसरा लेखकाच्या नावाने शोधत असतो, तिसरा नुसता लॉगिन करत असतो, आणि हे सगळे एकाच प्रोसेसच्या एकाच इव्हेंट लूपवर, म्हणजे सगळी कामं पाळीपाळीने पुढे नेणाऱ्या एकाच चक्रावर, बसलेले असतात. साठ्याचं मशीन दोन सेकंद गप्प बसलं आणि लूप तिथे अडकला, तर लॉगिन करणाराही दोन सेकंद थांबणार. त्याचा टिफशी काडीचाही संबंध नसताना.

मुळात ही अडचण येते कुठून, हे कळलं तर लायब्ररीची किंमतही कळते. पायथनचं असिंकिओ, म्हणजे असिंक कामांसाठीची त्याची स्वतःची लायब्ररी, लिनक्स कर्नलच्या ईपोल या सोयीच्या जिवावर चालतं. सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीचं टोक, ईपोलकडे सोपवायचं, डेटा आला की ते कळवतं. साध्या फाइलीला हे लागूच पडत नाही. डिस्कवरची फाइल ईपोलला दिली तर कर्नल सरळ परवानगी नाकारतो, आणि जुने सिलेक्ट व पोल अशी फाइल नेहमीच तयार असल्याचं सांगतात. फाइलीवर नॉनब्लॉकिंगचा झेंडा लावूनही काही फरक पडत नाही. म्हणून पायथन 3.5 मध्ये, 2015 साली, असिंक आणि अवेट हे शब्द भाषेत आले तरी असिंकिओमध्ये फाइलींसाठी वेगळं काही आलं नाही. नेटवर्कचं सगळं मिळालं, डिस्कची जागा रिकामी राहिली. ती जागा टिन त्वर्त्कोविच यांच्या या लायब्ररीने भरली. हेच गृहस्थ कॅटर्स ही पायथन लायब्ररीही सांभाळतात.

आतली युक्ती अगदी सरळ आहे. तुम्ही अवेट करून रीड म्हटलं की ती ते काम थ्रेड पूलमधल्या, म्हणजे बाजूला तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटातल्या, एका थ्रेडकडे देते. तिथे नेहमीचंच ब्लॉक होणारं वाचन होतं. वाचन चालू असताना पायथन जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, सोडून देतो, त्यामुळे इव्हेंट लूप मोकळा राहतो. काम झालं की उत्तर लूपकडे परत येतं. यात जादू कुठेही नाही आणि लायब्ररीही तसा दावा करत नाही. मला तिचा हा प्रामाणिकपणा आवडतो.

वापरायला तर काही शिकावंच लागत नाही. साध्या ओपनला जे जे देता, म्हणजे मोड, एन्कोडिंग, न्यूलाइन, ते ते इथेही तसंच द्यायचं. विथच्या आधी असिंक, रीड-राइट-सीकच्या आधी अवेट. ओएस मॉड्यूलमधली स्टॅट, रिनेम, रिमूव्ह, लिस्टडिर, मेकडिर्स अशी नेहमीची कामं तिच्याच ओएस भागात आहेत, आणि तात्पुरत्या फाइलींसाठीही वेगळा भाग आहे. स्टॅटची गोष्ट मुद्दाम सांगते, कारण फाइलीचं वाचन असिंक करणारे लोक फाइल आहे की नाही हे तपासताना मात्र साधं ओएस डॉट पाथ डॉट एक्झिस्ट्स वापरतात. एनएफएसवर तेवढी तपासणीसुद्धा नेटवर्कपलीकडे जाऊन येते आणि लूपला धरून ठेवू शकते. नवख्यांच्या हातून अवेट राहून जातं. मग फाइलीत काहीच लिहिलं जात नाही आणि कोरुटीन (असिंक फंक्शनचं काम) अवेट केलीच नाही अशी एक सूचना तेवढी लॉगमध्ये दिसते. ती सूचना कधीही दुर्लक्षू नका.

आता माझी खरी तक्रार. लायब्ररीच्या माहितीपानावर असिंक फॉरने फाइल ओळीओळीने वाचण्याचं उदाहरण आहे. दिसायला फार सुबक दिसतं, म्हणून सगळे तेच उचलतात. पण प्रत्येक ओळीसाठी थ्रेडकडे एक फेरी होते. लाखभर ओळींची फाइल असेल तर लाखभर फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत प्रत्यक्ष वाचनापेक्षा जाण्यायेण्याचाच खर्च मोठा, कारण ओळ तर बहुतेक वेळा आधीच बफरमध्ये येऊन पडलेली असते. माहितीपानावर याबद्दल ठळक इशारा हवा होता. आमच्या 26 एमबीच्या टिफचंच बघा. 64 केबीचे तुकडे घेतले तर चारशेच्या घरात फेऱ्या होतात, एक एमबीचे घेतले तर पंचवीस-सव्वीस. मी एक एमबीवर ठरवलं आहे. मजकुराच्या छोट्या फाइली तर एका रीडमध्ये पूर्ण घेते आणि ओळी मेमरीतच वेगळ्या करते.

सगळ्यात जास्त लक्ष थ्रेड पूलकडे द्यावं लागतं, आणि बहुतेक लेखांत नेमकी हीच गोष्ट सुटते. काही सांगितलं नाही तर एआयओफाइल्स असिंकिओचा ठरलेला पूल वापरते. त्यात जास्तीत जास्त किती थ्रेड? पायथन 3.8 पासूनचा हिशोब असा: कोअरची संख्या अधिक चार, आणि कमाल 32. दोन कोअरच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर म्हणजे फक्त सहा. आता एनएफएस सहसा हार्ड माउंट असतं. पलीकडचं मशीन गेलं की वाचन चूक देत नाही, ते परत येईपर्यंत थांबून राहतं. सहा वाचकांनी सहा पानं मागितली आणि साठा गप्प झाला, की सहाच्या सहा थ्रेड अडकले. याच पूलमधून असिंकिओ डोमेन नावाचा पत्ताही शोधतं. म्हणजे फाइली अडकल्या की बाहेरच्या कुठल्याही सेवेशी नवी जोडणीही अडते, आणि लॉग बघणारा बिचारा डीएनएस बिघडला म्हणून भलतीकडेच शोधत बसतो.

वेळेची मर्यादा घालून हे सुटत नाही. असिंकिओच्या वेट-फॉरने पाच सेकंदांनी अवेट सोडून देता येतं आणि वाचकाला नम्रपणे ‘थोड्या वेळाने या’ म्हणता येतं, ते जरूर करावं. पण आतला थ्रेड अडकलेलाच राहतो, पायथनमध्ये थ्रेड बाहेरून मारता येत नाही. सर्व्हर बंद करायला गेलात तर तोही त्या थ्रेडची वाट बघतो.

इथे लायब्ररीची एक सोय फार मोलाची ठरते. तिच्या ओपनला एक्झिक्यूटर नावाने स्वतःचा पूल देता येतो. आम्ही एनएफएसवरच्या टिफसाठी वेगळा पूल ठेवला, मजकुरासाठी वेगळा, आणि असिंकिओचा ठरलेला पूल फाइलींपासून पूर्ण मोकळा केला. आता साठा गप्प झाला तर टिफ मागणारे थांबतात, पण शोध आणि लॉगिन सुरू राहतं. मी ही लायब्ररी ठेवली ती या एका गोष्टीसाठी. ओएस भागातल्या फंक्शनांनाही असाच पूल देता येतो, तिथे विसरू नका.

हजारो फाइली एकदम गॅदरमध्ये, म्हणजे अनेक कामं एकत्र सुरू करणाऱ्या असिंकिओच्या फंक्शनमध्ये, टाकण्याचा मोह मात्र आवरा. वाचन थोड्याच थ्रेडमधून होत असलं तरी उघडलेल्या फाइली साचत जातात, आणि बऱ्याच लिनक्स मशीनवर एका प्रोसेसला 1024 फाइलींचीच मुभा असते. सेमाफोर, म्हणजे एका वेळी किती कामं चालावीत याची मर्यादा, लावून एका वेळी वीस-पंचवीस फाइली ठेवल्या तरी काम तेवढ्याच वेळात होतं.

आपला सर्व्हर खरंच फाइलींपाशी अडतो का, हे आधी बघून घ्या. असिंकिओचा डीबग मोड चालू केला की लूपला 100 मिलिसेकंदांहून जास्त अडवणारं प्रत्येक काम लॉगमध्ये येतं. सर्व्हरच्या स्वतःच्या एसएसडीवर छोट्या छोट्या फाइली असतील तर त्या बहुधा कर्नलच्या पेज कॅशेतच, म्हणजे मेमरीतच, सापडतात आणि लॉगमध्ये फाइलींचं नावही येत नाही. तिथे साधं ओपनच बरं. सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचायच्या कॉन्फिग फाइलीला तर असिंक करण्यात काहीच अर्थ नाही. फास्टएपीआयवाल्यांसाठी आणखी एक: एंडपॉइंट, म्हणजे मागणीला उत्तर देणारं फंक्शन, असिंक न लिहिता साध्या डेफने लिहिला तर फास्टएपीआय तो आपणहून थ्रेडमध्येच चालवतं. नुसती फाइल वाचून द्यायची असेल तर तेवढंच पुरतं.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. एन्कोडिंग यूटीएफ-8 आहे हे प्रत्येक ओपनमध्ये स्पष्ट लिहा. विंडोजवर ते न लिहिता फाइल उघडली की पायथन मशीनचं जुनं कोड पेज धरतो आणि अख्खा लेख कचरा होतो. दुसरी गोष्ट बाइट मोडमध्ये तुकडे करताना येते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘क्षि’ लिहायला चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट लागतात. तुकडा मध्येच कुठेही तुटू शकतो. टेक्स्ट मोडमध्ये बाइट तुटत नाहीत, लायब्ररी ते नीट सांभाळते, पण ठरावीक चिन्हं मागितली तर ‘क्ष’ एका तुकड्यात आणि वेलांटी पुढच्या तुकड्यात, असं तरीही होतं. शोधासाठी शब्द वेगळे करताना हे भोवतं. मजकूर पूर्ण वाचा किंवा तुकडा मोकळ्या जागेपाशी तोडा.

लिहिण्याच्या बाबतीत लायब्ररी आपल्यावर बरंच सोपवते. अवेट राइट झालं म्हणजे मजकूर डिस्कवर पोचला असं नाही. ओसीआरच्या दुरुस्त्या आम्ही शेजारी तात्पुरत्या फाइलीत लिहितो, फ्लश करतो, एफसिंक करतो (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायला लावतो) आणि मग रिप्लेसने मूळ नावावर आणतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी, एक तरी फाइल अखंड मिळते. रिप्लेस लायब्ररीत आहे. एफसिंक नाही, ते असिंकिओच्या रन-इन-एक्झिक्यूटरने आपल्याच पूलमध्ये करावं लागतं. माझ्या मते ते लायब्ररीतच असायला हवं, कारण डिस्कच्या कामांत सर्वांत जास्त वेळ खाणारं बहुधा तेच असतं.

पर्याय म्हणाल तर पायथन 3.9 पासून असिंकिओमध्ये टू-थ्रेड आलं आहे. फाइल उघडणं, वाचणं, त्यावर प्रक्रिया करणं हे सगळं एका साध्या फंक्शनमध्ये लिहायचं आणि अख्खं फंक्शन एकाच फेरीत थ्रेडकडे द्यायचं. पूर्ण फाइल एकदम हवी असेल तर मी हेच सुचवेन. तुकड्यातुकड्याने वाचत वाचकाकडे पाठवायचं असेल तर एआयओफाइल्स. मात्र टू-थ्रेड नेहमी ठरलेला पूलच वापरतं, वेगळा पूल हवा असेल तर रन-इन-एक्झिक्यूटरकडे जावं लागतं. एनीआयओ या दुसऱ्या असिंक लायब्ररीतही फाइली उघडायची सोय आहे, आणि तुम्ही आधीच फास्टएपीआयवर किंवा ते ज्यावर उभं आहे त्या स्टारलेटवर असाल तर ते बसलेलंच असतं. त्याची थ्रेडची मर्यादा मुळात 40 असते. जावास्क्रिप्टच्या नोडकडून येणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथेही फाइलींमागे त्याच्या लिबयूव्ही या लायब्ररीचा थ्रेड पूलच आहे, आणि तोही मुळात चारच थ्रेडचा.

लिनक्स 5.1 मध्ये, 2019 साली, आलेल्या आयओ-यूरिंग या कर्नलच्या सोयीमुळे थ्रेडशिवाय खरं असिंक वाचन शक्य झालं आहे. असिंकिओ अजून ते वापरत नाही, आणि एआयओफाइल्सकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो ओळीओळीच्या उदाहरणासाठी आणि एफसिंकसाठी. आणि बसवताना नाव नीट टाइप करा. शेवटचा ‘स’ गाळलात तर एआयओफाइल (aiofile) नावाची दुसरीच लायब्ररी बसते. तीही चांगली आहे, पण तिची रीत वेगळी आहे आणि इथलं कुठलंच उदाहरण तिच्यावर जसंच्या तसं चालणार नाही.