पद्मिनीचा रंग: सिंगल स्टेज की क्लिअर कोट?

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मूळ रूपात आणायची म्हटलं, की बहुतेक गॅरेजवाले बेस कोट म्हणजे रंगाचा थर आणि त्यावर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर सुचवतात. चमक काचेसारखी, ऊन-पावसाला टिकाऊ आणि पॉलिशची कटकट कमी. गाडी रोज चालवणार आणि उघड्यावर लावणार असाल, तर हा सल्ला चुकीचा नाही.

पण त्या चमकेने पद्मिनी पद्मिनी वाटत नाही. तिच्या साध्या रंगांवर पारदर्शक थर नसायचा. रंग आणि चमक एकाच थरात, म्हणजेच सिंगल स्टेज. ती मऊ, किंचित दुधाळ झाक सिंगल स्टेज पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेन रंगात, बरीच जवळ येते. कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारताना फडक्याला रंग लागतो तो याच थराचा, म्हणून बॉनेटच्या कडांवर हात हलका ठेवायचा. तिथे थर पातळ असतो आणि प्रायमर चटकन उघडा पडतो. ऊन लागून रंग फिका पडतो हे खरं, पण पॉलिशने तो परत उजळतो. क्लिअर कोट एकदा सोलायला लागला, की तो पॅनेल पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही.

माझं मत सिंगल स्टेजलाच. शेड मात्र बॉनेटवरून घेऊ नका, तो उन्हाने उडालेला असतो. दाराचं रबर काढा. त्याखालच्या पट्टीत कारखान्यातला रंग अजून ताजा सापडतो. डिकीचा आतला पत्रा आणि दारांच्या चौकटीही त्याच शेडमध्ये हव्यात. घाईत नेमक्या त्याच राहतात.

पीयू कुठलंही असो, फवारताना साधा कापडी मास्क चालत नाही.