बल्कहेड लाइट मजबूत आहे, पण एलईडी बल्ब टिकत नाही (वापरानंतरचा अनुभव)

परवा जिन्यातला बल्ब परत उडाला, म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. लक्ष्मीपुरीतनं ही गोल बल्कहेड घेतलेली, ॲल्युमिनियमची बॉडी, जाड काच, रबरी गॅस्केट, आत पिनवाला होल्डर. आमचा जिना बाहेरचा, कोल्हापूरचा अख्खा पावसाळा तिनं अंगावर काढला तरी आत पाण्याचा थेंब नाही की किडा नाही, त्याला पैकीच्या पैकी मार्क. पण बल्ब लई खाते ओ!

आधी संशय व्होल्टेजवर. न्यूट्रल ढिला असला की व्होल्टेज चढतं आणि घरातलं काय काय जळतं, म्हणून वायरमनला बोलावून मीटर लावला तर 230 च्या आसपासच. होल्डरच्या पिना घट्ट, कार्बन पण नाही. मग उडालेला बल्ब खोलला, तर एका एलईडीवर काळा ठिपका (बहुतेक बल्बात सगळे दाणे सिरीजमध्ये, एक गेला की अंधार) आणि ड्रायव्हरचा (म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या बुडातल्या सर्किटचा) कपॅसिटर वरनं फुगलेला. तिथनं माझा सगळा राग त्या बंद काचेवर गेला.

एलईडी तापत नाही म्हणतात, पण बुडाला हात लावून बघा. जुना 60 वॅटचा गोळा कितीही तापला तरी चालायचं, काच आणि तारच ती. एलईडीच्या बुडात सर्किट असतंय, आणि तापमान 10 अंश वाढलं की त्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. गॅस्केटनं हवा कोंडल्यावर उष्णता जाणार कुठं?

बॉक्सवर मोठ्या अक्षरात 25000 तास, म्हणजे रोज सहा तास लावला तर अकरा वर्षं, आणि तिथंच बारीक अक्षरात पूर्ण बंद फिटिंगमध्ये वापरू नये म्हणून लिहिलंय! वॉरंटीत बदलून मागायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "दादा, तुमची फिटिंग बंद आहे, कंपनी घेत नाही." अहो, बल्कहेड आणि हा 12 वॅटचा बल्ब एकाच बिलात तुम्हीच दिलाय की, तेव्हा का नाही सांगितलं? शंभर-सव्वाशे रुपये दरवेळी कुठनं घालायचे?

आता 5 वॅटचा लावलाय, जिन्याला तेवढा उजेड बास होतो आणि तासाभरानं काचेला हात लावला तर नुसती कोमट लागते. पाऊस लागत नसेल तिथं गॅस्केट काढून टाका, आमच्याकडं ते जमत नाही. एलईडी आतच बसवलेली बल्कहेड पण मिळते, तिची उष्णता बॉडीतनं बाहेर जाते, पण ती गेली की बहुतेक वेळा अख्खी फिटिंगच बदलावी लागते, म्हणून मी तरी घेणार नाही.