मांद्र्यातलं स्टील रेलिंग : दीड वर्षानंतर

गोव्यातल्या मांद्र्यात घर, तिथून समुद्र चालत दहा मिनिटांवर. गेल्याच्या आधल्या दिवाळीत गच्चीला आणि बलकावाला (घरापुढच्या छपराच्या ओट्याला) ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं मॅट फिनिश रेलिंग बसवलं. फॅब्रिकेटरनं लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणजे माल चांगला, आम्ही खूश. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलासुद्धा चुंबक चिकटत नाही, हे पैसे देऊन झाल्यावर कळलं. (आमचं ३०४च होतं, बिलावर तरी.)

फेब्रुवारीत पहिले डाग आले. चहा सांडून वाळावा तसे, वेल्डिंगभोवती आणि तळाच्या चकतीखाली. पुसले की जात, पण बोट फिरवलं तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे लागत.

वाटलं, पावसाळ्यात पुरती वाट लागणार. झालं उलटंच! गच्चीचं रेलिंग पावसानं धुऊन निघालं, लखलखीत. बलकावाचं मात्र, छपराखाली जपलेलं, तपकिरी पडलं. तिथं पाऊस पोचत नाही, खारा वारा पोचतो. दमट हवेत मीठ ओलं राहतं आणि त्यातलं क्लोराइड स्टीलला गंजापासून राखणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा जागोजाग फोडतं. मॅट फिनिशच्या बारीक रेघांत ते मीठ आणखी अडकून बसतं. आरशासारखं बफिंग केलेलं घ्यायला हवं होतं.

थोडा दोष माझाही. गणेश चवथीआधी लाद्यांना अ‍ॅसिड मारलं, शिंतोडे रेलिंगच्या पायांवर उडाले. ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे पुन्हा क्लोराइडच. शिवाय वेल्डरनं लोखंडी गेट घासलेलीच डिस्क इथं वापरली होती. लोखंडाचे कण रुतले की गंज तिथूनच सुरू होतो.

चवथीनंतर गच्चीच्या वेल्डिंगला पिकलिंग पेस्ट, म्हणजे वेल्डिंगचा करपा आणि रुतलेलं लोखंड काढणारा लेप, लावून घेतली (हे काम जाणकारालाच द्या, त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं) आणि बलकावाचं रेलिंग बदलून ३१६ चं, बफिंगवालं बसवलं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खड्डे पडायला तेच आडवं येतं. महाग पडलं. या खेपेला चुंबकाचा खेळ न बघता मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. दर पंधरा दिवसांनी साबणाचं पाणी, स्पंज, मग नळीनं गोडं पाणी. तारेची घासणी अजिबात नाही.

समुद्राजवळच्या ३०४ ला पाचपैकी दोन, तेही गच्चीमुळे. ३१६ ला चार. सहा महिने झाले, स्वच्छ आहे. फक्त आईच्या आरामखुर्चीमागे, जिथं माझी नळी वळत नाही, तिथं परवा एक फिकट चहाचा डाग दिसला.