घाण्याचं करडई तेल, सोलापूर: फोडणीला झकास, तळणीला नको

सोलापुरात लाकडी घाण्यावर डोळ्यांदेखत गाळून दिलेलं करडई तेल मिळतं, तेच घ्यावं. लिटरला साधारण चार किलो करडई लागते, म्हणून भाव फारच उतरलेला दिसला तर भेसळीची शंका घ्यावी. ताजं तेल गढूळ असतं. दोन-तीन दिवस निवळू द्या, वरचं ओतून घ्या. गाळ राहिला तर कढईत जळतो आणि खापर तेलावर फुटतं.

नेहमीच्या करडई तेलात लिनोलिक आम्ल (पातळ राहणारा असंतृप्त मेद) सुमारे ७० टक्के किंवा थोडं अधिक, संतृप्त मेद (तुपासारखा थिजणारा) १० टक्क्यांच्या आसपास. पाम तेलात संतृप्त मेद जवळपास निम्मा. जेवणात संतृप्त मेदाच्या जागी लिनोलिक आलं की रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. आहे त्या जेवणावर वरून तेल ओतून मात्र ते उतरत नाही. स्वीडनमधल्या २०१४च्या एका प्रयोगात ३९ जणांना सात आठवडे जादा मफिन खाऊ घातले, एका गटाला पाम तेलातले, दुसऱ्याला सूर्यफुलाच्या तेलातले. वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं, पण पामवाल्यांच्या यकृतात आणि पोटात चरबी अधिक साठली. सूर्यफुलाचं तेलही करडईसारखं लिनोलिकचंच.

तरी ग्रॅमला ९ कॅलरी कुठल्याच तेलाला चुकत नाहीत! शेंगाचटणीवर धार सोडताना हात आखडता बरा.

खोट दोन. हे तेल लवकर खवट होतं: महिन्यापुरतंच घ्या, झाकून अंधारात ठेवा, तळणीला नकोच, पण भजी तळलीच तर उरलेलं परत वापरू नका. ओमेगा-३ (शरीराला लागणारा दुसरा असंतृप्त मेद) जवळजवळ नाही. ती उणीव भाकरीसोबतची जवसाची चटणी भरून काढते.