फॉर्मॅलिनच्या डबीआधी एकदा कॅमेऱ्याखाली

थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइड ग्रंथी शोधायचा फ्लुओरेसन्स कॅमेरा आमच्या ओटीत येऊन आठ महिने झाले. मी ओटी इन्चार्ज सिस्टर आहे. या कॅमेऱ्याबद्दल सर्जन मंडळी बोलतात, पण त्याला कव्हर चढवणं, लाइट बंद करणं, निघालेली गाठ ट्रेमध्ये घेणं हे सगळं आम्ही करतो. म्हणून आमच्या बाजूनं लिहिते आहे. तक्रारीही आहेत, त्यामुळे कंपनीचं नाव घेत नाही.

या ग्रंथी बहुतेकांना चार असतात. थायरॉइडच्या मागच्या अंगाला चिकटलेल्या, मसुराच्या डाळीएवढ्या, एकेकीचं वजन ३०-४० मिलिग्रॅम. रंग पिवळट तपकिरी, त्यामुळे चरबीत हरवतात. जरा रक्त पसरलं की अनुभवी डोळ्यालाही सापडत नाहीत. आणि त्या दुखावल्या किंवा गाठीबरोबर निघून गेल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओटीत येण्याआधी मी सर्जिकल वॉर्डात होते. रात्री दोनला बेल वाजायची, "सिस्टर, ओठांभोवती मुंग्या येतायत, बोटं वळतायत." जाऊन बघावं तर अंगठा तळव्यात वळलेला, बोटं ताठ, आणि शेजारी घाबरलेली मुलगी. मॉनिटरवर नजर ठेवून कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू सोडायचं, दहा मिनिटं. ती दहा मिनिटं ज्यांनी काढली आहेत त्यांना या कॅमेऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको.

यात रंग टोचावा लागत नाही. कॅमेरा ७८५ नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतो आणि पॅराथायरॉइड स्वतःहून चमकते, थायरॉइडपेक्षा कितीतरी जास्त. पडद्यावर थायरॉइड करडी दिसते, ग्रंथी पांढरी. ही चमक अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटानं शोधली, २०११ मध्ये त्यावर लेख आला. त्या गटातल्या अनिता महादेवन-जॅन्सन मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या आहेत, हे कळलं तेव्हा मी ओटीतल्या आमच्या सगळ्या सिस्टर मुलींना बोलावून सांगितलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, अशा दोन यंत्रांना परवानगी दिली. एक आमच्यासारखं कॅमेऱ्याचं आणि दुसरं पेनसारख्या प्रोबचं, जे ग्रंथीला टेकवून तपासायचं. प्रोबला लाइट बंद करावे लागत नाहीत, पण चित्रही दिसत नाही.

मला स्वतःला या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा उपयोग मानेत दिसला नाही, ट्रेमध्ये दिसला. गेल्या महिन्यात एका बाईंचा मोठा गलगंड काढला. डावा लोब, म्हणजे थायरॉइडचा डावा भाग, माझ्या हातातल्या किडनी ट्रेमध्ये आला. पूर्वी तो तसाच फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तपासणीसाठी तुकडा टिकवायच्या द्रावणाच्या, डबीत गेला असता. आता आधी कॅमेऱ्याखाली धरतो. भूल देणाऱ्या मॅडमना सांगून वरचे लाइट बंद केले, सर्जन मॅडमनी हेडलाइट बंद केला. करड्या गाठीच्या खालच्या टोकाला, चरबीच्या एका पदराखाली, पांढरा ठिपका होता. लाइट लावून बघितलं तर तिथे काहीच वेगळं दिसेना. परत बंद केले, ठिपका तिथेच. सर्जन मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, डबी बाजूला ठेवा." तो तुकडा हलक्या हातानं सोडवला, कणभर फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून लगेच तपासायला, पाठवला, बाकीचा मी फ्रिजमधल्या थंड सलाइनमध्ये ठेवला. पॅथॉलॉजीतून पॅराथायरॉइड असल्याचा फोन आल्यावर मिलिमीटरभराचे तुकडे करून मानेच्या स्नायूत खिसा केला, ग्रंथी तिथे रुजावी म्हणून त्यात ते ठेवले आणि खुणेचा टाका घातला. कॅमेरा नसता तर ती ग्रंथी आम्हाला आठवड्यानं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात एका ओळीत भेटली असती.

आता एक गोष्ट, जी नवीन लोकांना दहादा सांगावी लागते. ग्रंथी चमकली म्हणजे ती जिवंत आहे असं नाही. रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथीही तितकीच पांढरी दिसते. म्हणून तर ती ट्रेमध्येही चमकते. रक्त पोचतंय का हे बघायला आयसीजी नावाचा हिरवा रंग शिरेतून द्यावा लागतो, आणि त्याआधी आयोडीनची अ‍ॅलर्जी विचारावी लागते. शिवाय सगळं पांढरं पॅराथायरॉइड नसतं, कोलॉइडची (थायरॉइडमधल्या चिकट द्रवाची) गाठ आणि काही चरबीही चमकते. आणि कॅमेऱ्याला काही मिलिमीटरपलीकडचं दिसत नाही. मेदाखाली दडलेली ग्रंथी सर्जनच्या हातानंच शोधावी लागते.

नातेवाईक विचारतात, मशीन आहे म्हणजे आता कॅल्शियम उतरणार नाही ना? मी होकार देत नाही. फ्रान्समधल्या तीन रुग्णालयांतल्या २४१ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला. कॅमेरा वापरला तिथे ९.१ टक्के रुग्णांचं कॅल्शियम काही काळ उतरलं, न वापरता २१.७ टक्के. निम्म्याहून कमी, हे मोठंच आहे. पण कायमचं उतरण्यात फरक सिद्ध झाला नाही, आणि हेही मी तितक्याच स्पष्ट सांगते.

तक्रारी सांगते. स्टराइल कव्हर लेन्सवर नीट ताणलं नाही की सुरकुती पडते आणि चित्र धुरकट होतं. रबरबँड दोनदा फिरवला की बसतं, हे आमचं आम्ही शोधलं. कव्हर संपली तेव्हा कंपनीनं अकरा दिवस लावले आणि त्या काळातल्या केसेस जुन्या पद्धतीनं झाल्या. एका कव्हरचा खर्च रुग्णाच्या बिलात चढतो, तेव्हा हा उशीर मला अजिबात पटत नाही. वायर आखूड आहे, ट्रॉली पायाकडे ठेवता येत नाही. आणि डेमोला फक्त सर्जनना बोलावलं होतं. कव्हर कोण चढवणार, ट्रे कोण धरणार, कुणी विचारलंच नाही.

तरीही घ्या असंच मी सांगेन, विशेषतः जिथे आठवड्याला दोन-चार थायरॉइड होतात तिथे. डेमोच्या दिवशी ओटीतल्या निदान दोन सिस्टरांना उभं करा, आणि कॅमेरा त्यांच्या हातात द्या. कव्हरचा महिन्याचा जादा साठा आधीच मागवा. आमच्या ट्रॉलीवर मी मार्करनं लिहून चिकटवलंय, कॅमेरा दाखवल्याशिवाय फॉर्मॅलिन नाही. तो कागद दोनदा बदलावा लागला, ओल्या हातांनी अक्षरं पुसली जातात.